खोक्यावरचे वॅट, लेबलावरचे अँपियर : एसएमपीएसविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांतले बहुतेक प्रश्न संगणकाच्या एकाच भागाबद्दल आहेत : एसएमपीएस, म्हणजे भिंतीतला २३० व्होल्टचा एसी करंट घेऊन आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी देणारा डबा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपण महिनाभर पारखतो, आणि हा डबा मात्र दुकानदार देईल तो घेतो. म्हणून यंदा सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : मुलासाठी संगणक जुळवून घेतला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, एक एसएसडी, एक हार्ड डिस्क. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेलाच ठेवला, ४५० वॅटचा. कार्डाला जोडायला दोन सॅटा प्लगांवरून (हार्ड डिस्कला वीज देणारे प्लग) ८ पिनांचा जोड दिला आहे. गेम सुरू केला की पाच-दहा मिनिटांत मशीन एकदम बंद पडून पुन्हा सुरू होतं. निळा पडदा नाही, संदेश नाही. माझ्या हिशेबाने गरज ३२५ वॅटच्या वर जात नाही, मग ४५० पुरत का नाहीत? लेबलावर लिहिलंय : +३.३ व्होल्ट २८ अँपियर, +५ व्होल्ट ३० अँपियर, +१२ व्होल्ट १६ अँपियर, -१२ व्होल्ट ०.५ अँपियर, +५ व्होल्ट स्टँडबाय २ अँपियर. — एक पालक, म्हापसा

लेबल जसंच्या तसं लिहून पाठवलंत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे.

प्रत्येक ओळीत व्होल्ट गुणिले अँपियर करा. ३.३ ची ओळ ९२ वॅट, ५ ची १५०, १२ ची १९२, उणे १२ ची ६, स्टँडबायची १०. बेरीज बरोबर ४५०. म्हणजे खोक्यावरचा आकडा सगळ्या ओळी एकत्र करून आलेला आहे, आणि तुमच्या मशीनला ज्या ओळीची खरी गरज आहे तिच्या वाट्याला जेमतेम १९२ वॅट आलेत.

आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघेही १२ व्होल्टवर जगतात. पूर्वी तसं नव्हतं. प्रोसेसर ५ व्होल्टच्या ओळीवर चालायचा, म्हणून त्या काळच्या एसएमपीएसमध्ये ५ आणि ३.३ च्या ओळी दणकट असत. २००० साली पेंटियम ४ बरोबर प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा वेगळा ४ पिनांचा प्लग आला आणि भार तिकडे सरकला. स्वस्त डब्यांची आतली मांडणी मात्र अजून जुन्याच वळणाची असते.

आता तुमचा भार मांडू. रायझन ५ ५६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी सॉकेटमधून तो ७६ वॅटपर्यंत घेतो. आरटीएक्स ३०६० चे १७०. इथेच २४६ झाले. पंखे, हार्ड डिस्कची मोटर आणि मदरबोर्डचा थोडा वाटा धरला तर १२ व्होल्टवर २९० वॅटच्या आसपास, म्हणजे २४ अँपियर. डबा देतो १६. शिवाय ग्राफिक्स कार्ड एकसारखं १७० घेत नाही. काही मिलिसेकंदांपुरती त्याची मागणी लिहिलेल्या आकड्याच्या बरीच वर उडी मारते. ही उडी सोसली नाही की एसएमपीएसचं आतलं संरक्षण त्याला बंद करतं, किंवा व्होल्टेज ११.४ च्या खाली जातं आणि मदरबोर्ड रिसेट होतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तुम्हाला ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसेल. ती फक्त मशीन नीट बंद झालं नाही एवढंच सांगते. दोष एसएमपीएसचाच, असं तिच्यावरून ठरत नाही. पण तुमच्या लेबलापुढे वेगळा पुरावा लागत नाही.

तुम्ही ५५० वॅटचा घ्या. या कार्डासाठी एनव्हिडियाही एवढीच शिफारस करते. मात्र दुकानात खोक्यावरचा आकडा बघून थांबू नका, लेबल वाचा : १२ व्होल्टसमोर ४३ ते ४५ अँपियर हवेत. ४५ गुणिले १२ म्हणजे ५४०. चांगल्या बनावटीत जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर असते आणि ५ व ३.३ व्होल्ट त्यातूनच पुढे तयार केले जातात. लेबलावर १२ व्होल्टच्या दोन ओळी, १२व्ही१ आणि १२व्ही२, असतील तर त्यांच्या अँपियरची बेरीज करू नका. त्यांची एकत्रित वॅटमर्यादा खाली वेगळी छापलेली असते, ती धरा. पुढे-मागे आरटीएक्स ४०७० सारखं २०० वॅटचं कार्ड घ्यायचा विचार असेल तर आताच ६५० घेणं शहाणपणाचं. १००० वॅटचा घेतल्याने बिघडत काही नाही, पण त्या पैशात एसएसडी मोठी घेता येईल.

‘८० प्लस’चं चिन्ह म्हणजे कार्यक्षमता. निम्म्या भारावर ब्राँझ किमान ८५ टक्के, गोल्ड किमान ९० टक्के. हे आकडे ११५ व्होल्टवरच्या चाचणीचे आहेत, आपल्या २३० वर दोन्ही थोडे सुधारतात. रोज ४ तास सरासरी २५० वॅटचा भार धरला तर दोघांत वर्षाला २४ युनिटांच्या आसपास फरक पडतो. तुमच्या बिलातल्या दराने गुणून बघा. फक्त वीज वाचवण्यासाठी गोल्डचे जास्तीचे पैसे मोजावेत असा तो फरक नाही. गोल्ड घ्यायचाच तर आतले भाग चांगले असण्याची शक्यता जास्त आणि वॉरंटी बहुधा लांब, म्हणून घ्या.

आणि तो सॅटाचा जोड आजच काढा. सॅटाच्या प्लगात १२ व्होल्टच्या ३ पिना असतात, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपियर. एका प्लगातून ५४ वॅट, दोन मिळून १०८. ८ पिनांच्या सॉकेटमधून कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं. प्लग पिवळट पडला, वास आला, तर तो आत वितळायला लागला आहे असंच समजा. नव्या एसएमपीएसला ६+२ पिनांची स्वतःची केबल असेल, तीच लावा. प्रोसेसरसाठीची ४+४ पिनांची केबल दिसायला तशीच असते, पण तिचे १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना आहेत. जोर लावून बसवायची वेळ आली तर थांबा आणि केबलवरचं नाव वाचा.

प्रश्न : आमचं घर चिऱ्यांचं, जुनं. संगणकाच्या कॅबिनेटला अनवाणी हात लावला की झिणझिण्या येतात, विशेषतः मार्च ते मे. टेस्टरही मंद पेटतो. एसएमपीएस बदलला, तरी तेच. आता तिसरा घ्यावा का? — गृहिणी, डिचोली

तिसरा घेऊ नका. दोन्ही एसएमपीएस बहुधा ठणठणीत आहेत, दोष अर्थिंगचा आहे.

प्रत्येक चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात : एक फेजवरून डब्याच्या पत्र्याला, दुसरा न्यूट्रलवरून पत्र्याला. पत्रा अर्थिंगला जोडलेला असेल तर त्यातून येणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेलं असेल तर दोन कपॅसिटरांच्या मधोमध लटकलेल्या पत्र्यावर २३० च्या निम्मे, ११५ च्या आसपास व्होल्ट दिसतात. हात लावला की तोच करंट तुमच्यातून जमिनीत जातो. तो साधारण अर्धा मिलिअँपियर किंवा त्याहून कमी, म्हणून फक्त झिणझिणतं. पण अर्थिंग नसताना उद्या गिझरच्या किंवा वॉशिंग मशीनच्या आत फेजची वायर पत्र्याला टेकली, तर करंटला हीच मर्यादा राहणार नाही. म्हणून याला संगणकाची कुरकुर समजू नका, घराची तपासणी करून घ्या.

मार्च ते मे जास्त का, तेही तुमच्या पत्रात दडलेलं आहे. चिऱ्याची, जांभ्याची जमीन पावसात ओली असते तोवर करंट बऱ्यापैकी वाहते. उन्हाळ्यात ती कोरडी ठणठणीत झाली की तिचा रोध खूप वाढतो आणि वरवर पुरलेली अर्थिंगची पट्टी निकामी ठरते.

इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन त्याच सॉकेटवर मोजायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ ० ते ३ व्होल्ट मिळाले तर अर्थिंग जोडलेलं आहे. फेज-अर्थ १००-१५० असं काहीतरी अधांतरी दिसलं तर वायर कुठेतरी तुटली आहे, किंवा सॉकेटच्या मोठ्या पिनेला ती कधी जोडलेलीच नव्हती. जुन्या घरांत नंतर वाढवलेल्या बोर्डांत हे सर्रास सापडतं. वायर ठीक असेल तर खड्ड्याकडे वळा : ४० मिलिमीटर जाडीचा, निदान २.५ मीटर लांबीचा जीआय पाइप उभा पुरलेला हवा. अंगणात विहिरीजवळ किंवा माडांच्या आळ्याशी, जिथे उन्हाळ्यातही ओल टिकते, तिथे जागा निवडली तर उत्तम. वरच्या नरसाळ्यातून उन्हाळ्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी सोडा. मेन बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर याच फेरीत बसवून घ्या.

एक गोष्ट कोणालाही करू देऊ नका : सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थच्या पिना वायरच्या तुकड्याने जोडणं. त्याने झिणझिण्या थांबतात खऱ्या, पण बाहेर न्यूट्रल तुटला किंवा कोणी फेज-न्यूट्रल उलटे लावले, तर कॅबिनेटच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. हा जीवघेणा उपाय आहे.

प्रश्न : ६०० व्हीएचा यूपीएस ४ वर्षं नीट चालला. आता अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा नवा ६५० वॅटचा एसएमपीएस बसवला, तर लाइट गेली की संगणक बंद. घरात इन्व्हर्टरही आहे, त्यावरही तेच. एसएमपीएस परत करू का? — एक वाचक, फोंडा

परत करण्याआधी एक साधी तपासणी करा. फाइल्स साठवा, सगळे प्रोग्रॅम बंद करा, नुसता डेस्कटॉप दिसत असताना यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. मशीन चालू राहिलं, पण गेम चालू असताना तेच केल्यावर बंद पडलं, तर भार जास्त होतोय किंवा बॅटरी थकली आहे. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस सहसा ३६० वॅटचाच असतो. आतली १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरची बॅटरी ४ वर्षांनी थकलेलीच असणार, दमट उकाड्यात ती लवकर जाते. आधी ती बदलून बघा. ग्राफिक्स कार्डवाल्या मशीनला १००० ते ११०० व्हीए, म्हणजे ६०० वॅटच्या आसपासचा यूपीएस लागतो.

रिकाम्या भारावरही बंद पडलं तर कारण वेगळं. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की गोलाईदार साइन लहर न देता पायऱ्यापायऱ्यांची चौकोनी लहर देतो. जुन्या एसएमपीएसला तिचं काही वाटत नसे. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचं, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारं, सर्किट मात्र येणाऱ्या लहरीच्या आकाराबरहुकूम करंट ओढत असतं; आकार अचानक बदलला की काही मॉडेलं गोंधळून बंद होतात. त्यात बदलीचा वेळ मिळवा. यूपीएसला बॅटरीवर जायला ४ ते १० मिलिसेकंद लागतात आणि चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. हलक्या डब्यात आतला मुख्य कपॅसिटर कमी क्षमतेचा वापरलेला असला तर ही शिल्लक उरत नाही. यावर खरा उपाय प्युअर साइन वेव्हचा यूपीएस.

इन्व्हर्टरचं म्हणाल, तर तो स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर संगणक नकोच. साइन वेव्हचा असेल तर मागे किंवा पुढे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असं बटण असतं. ते नॉर्मलवर असेल तर बदली पंख्या-दिव्यांना चालेल इतकी सावकाश होते. यूपीएसवर करा आणि पुन्हा तपासा. बऱ्याच घरांत एवढ्यानेच काम होतं.

प्रश्न : संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज १७० पर्यंत उतरतं. संगणकासाठी वेगळा स्टॅबिलायझर घ्यावा का? — शिक्षक, वाळपई

एसएमपीएसच्या लेबलावर ‘इनपुट १००-२४० व्होल्ट’ छापलेलं असेल तर नको. असा एसएमपीएस १७० वरही पुरेपूर काम देतो, फक्त करंट जास्त ओढतो : भिंतीतून ३८० वॅट घेणारं मशीन २३० ला सुमारे १.७ अँपियर घेतं, १७० ला २.२. ‘२००-२४०’ छापलेलं असेल तर मात्र संध्याकाळी तो अडणार. खरेदी करताना तुमच्या भागात वॅटच्याही आधी ही ओळ वाचा. रिलेवाला स्टॅबिलायझर टकटक करत पायरी बदलताना क्षणभर पुरवठा तोडतो, त्याने त्रास वाढतोच. व्होल्टेज वर उचलणारा यूपीएस घेतलात तर दोन्ही कामं होतील.

मला जास्त काळजी उलट बाजूची वाटते. पावसाळ्यात तारांवर माडाची झावळ पडून न्यूट्रल तुटला, तर थ्री-फेज जोडणीच्या घरात एखाद्या खोलीत ३०० च्या वर, वाईटात वाईट ४०० पर्यंत व्होल्ट येऊ शकतात. एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर ४०० ते ४५० व्होल्ट डीसी सोसण्याच्या बेताचा असतो, आणि ४०० व्होल्ट एसीचं टोक ५६५ व्होल्टला जातं. एका खोलीतले दिवे भगभगीत आणि दुसरीतले मंद दिसले की मेन स्विच पाडा, प्लग काढत बसू नका. मेन बोर्डात जादा व्होल्टेजला तोडणारं उपकरण बसवता येतं, तो खर्च सार्थकी लागतो.

प्रश्न : मी बारावीत आहे. बाबांच्या जुन्या मशीनचा एसएमपीएस काढून साफ केला. मागे एक लाल स्विच आहे, ११५ आणि २३०. कुठे ठेवायचा? आणि तो उघडून आतली धूळ काढू का? — विद्यार्थी, पेडणे

२३० वर, आणि वर चिकटपट्टी लावून टाक. ११५ वर ठेवून आपल्या सॉकेटला लावलास तर आतले कपॅसिटर दुप्पट व्होल्टेज भोगतात आणि मोठा आवाज होऊन डबा जातो.

उघडू मात्र नकोस. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते, आणि पीएफसीवाल्यात तर ३८० ते ४००. बाहेरूनच साफ कर : जाळीतून पातळ काडी घालून पंखा अडव आणि ब्लोअरने हवा मार. पंखा मोकळा फिरू दिलास तर तो उलट वीज तयार करतो, बेअरिंगही झिजतं.

चालू आहे का ते बघायचं असेल तर मदरबोर्डपासून सुटा केलेल्या २४ पिनांच्या प्लगातली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरशी तारेच्या तुकड्याने जोड, मग प्लग लाव. पंखा फिरला तर तो सुरू होतो एवढंच कळलं. मल्टिमीटरवर पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, केशरी ३.१४ ते ३.४७ च्या आत हवी. ही मोजणी भार नसतानाची आहे, भाराखाली तो कोसळू शकतो. डबा ८-९ वर्षांचा असेल तर नवीन ग्राफिक्स कार्ड त्याच्या भरवशावर टाकू नकोस.

प्रश्न : मॉड्युलर (केबल्स सुट्या निघणारा) एसएमपीएस बदलला. जुन्याच्या केबल्स कॅबिनेटमध्ये छान बांधलेल्या आहेत, प्लगही बसतात. त्याच ठेवू का? — एक वाचक, मडगाव

नाही. हार्ड डिस्कच्या आणि मदरबोर्डच्या टोकाच्या पिना ठरलेल्या असतात, एसएमपीएसच्या टोकाच्या नाहीत. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही त्या वेगळ्या असू शकतात. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्ड डिस्क त्याच क्षणी जळते, आतल्या फोटोंसकट. सगळ्या केबल्स काढा, नव्या खोक्यातल्या घाला.

प्रश्न : घर कांदोळीला समुद्रालगत. दोन वर्षांत दोन एसएमपीएस गेले. स्क्रू गंजतात, पंखा घरघरतो. कोणता घेतला तर टिकेल? — दुकान चालवणारे वाचक

खारी हवा पूर्ण अडवणारा एसएमपीएस घरगुती बाजारात मिळत नाही, पण निवड आणि जागा या दोन्हींनी आयुष्य बरंच वाढतं. मिठाचे कण हवेतला ओलावा धरून ठेवतात. त्यावर लाल माती बसली की सर्किटवर करंट वाहणारा पातळ थर तयार होतो आणि पहिल्या पावसात ठिणगी पडते.

आतले कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत असं खोक्यावर लिहिलेलं असावं, ८५ चे नकोत. तापमान १० अंशांनी उतरलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून गरजेपेक्षा १००-१५० वॅट मोठा घेणं तुमच्याकडे योग्य. तो कमी तापेल. पंखा फ्लुइड बेअरिंगचा घ्या. वॉरंटी ५ वर्षांची किंवा जास्त बघा, आणि बिल जपून ठेवा.

कॅबिनेट खिडकीसमोर आणि जमिनीवर नको. एक वीतभर उंच स्टुलावर, भिंतीपासून हातभर पुढे. एसएमपीएस तळाशी असेल तर त्याच्या जाळीखाली धुता येणारा फिल्टर हवा, दर पंधरा दिवसांनी धुऊन पूर्ण वाळवून लावायचा. मागच्या रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या जागेवर लावा, तिथूनच पाली आणि मुंग्या आत शिरतात. पावसाळ्यात मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. दिवसाआड तासभर चालवलं की आतल्या उष्णतेने ओल निघून जाते. एसीच्या थंड खोलीतून मशीन बाहेर दमट हवेत आणलं तर लगेच सुरू करू नका, पत्र्यावर दव धरतं. दोन तास थांबा.

दुकानात चतुर्थीला मखराची रोषणाई संगणकाच्याच एक्स्टेन्शनमधून घेत असाल तर ती वेगळ्या सॉकेटवर न्या. गंजलेल्या पिनांवर भार वाढला की सैल जागी ठिणग्या उडतात आणि त्याचे झटके एसएमपीएसला बसतात. गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर इंटरनेटची केबलही काढा. वीज पडल्यावरचा झटका त्या वाटेनेही आत येतो.